टीबी बरा झाला, सिगारेट सुटली; तरी श्वासनलिकांची सूज का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ५९. आठ वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता, औषधांचा कोर्स त्यांनी पूर्ण केला. त्याआधीपासून बरीच वर्षं सिगारेट ओढत होते, ती दोन वर्षांपूर्वी कायमची सोडली. तरी रोज सकाळी बेडके पडतात, जिना चढताना धाप लागते आणि वर्षातून दोन-तीनदा त्रास एकदम वाढतो. डॉक्टरांचं म्हणणं, श्वासनलिकांना जुनी सूज आहे. दोन्ही कारणं संपली तर सूज का संपत नाही? आणि स्टेरॉइडच्या गोळीने दोन दिवसांत बरं वाटतं, मग ती रोजच का देत नाहीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथे आहे. स्टेरॉइड श्वासनलिकांच्या एका प्रकारच्या सुजेवर उत्तम काम करतं. वडिलांच्या फुप्फुसात तोच प्रकार असेल तर त्यांना ते इन्हेलरमधून थोड्या मात्रेत देता येतं, आणि द्यायलाही हवं. पण टीबी आणि धूम्रपान यांच्यामागे उरणारी सूज बहुतेकदा वेगळ्या जातीची असते आणि तिच्यावर स्टेरॉइडची मात्रा फारशी चालत नाही. उलट, टीबी होऊन गेलेल्या माणसाने ते महिनोन्‌महिने घेतलं तर टीबी पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून नुसतं 'सूज आहे' एवढ्यावर उपचार ठरवू नयेत असं माझं ठाम मत आहे. सूज कोणत्या पेशींची आहे, ती कशावर पोसली जाते आहे आणि तिच्यामागे एखादा जिवंत जंतू आहे का, हे आधी शोधावं लागतं.

आधी धुराचं बघू. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केस असतात आणि ते सतत वरच्या दिशेने हलत कफ घशाकडे ढकलत राहतात. धुराने हे केस आखूड होतात, काही ठिकाणी नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कफ जास्त आणि तो बाहेर काढणारी यंत्रणा कमी. त्याच वेळी फुप्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या सफाई पेशी चिडतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारे रासायनिक संदेश सोडतात. न्यूट्रोफिल जंतू मारायला इलास्टेज नावाचं विकर (एन्झाइम) वापरतात. तेच विकर फुप्फुसाला लवचिकपणा देणारे धागे तोडतं. निरोगी माणसात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन इलास्टेजला आवर घालतं. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असतं त्यांना कमी वयात एम्फिसीमा, म्हणजे वायुकोश (फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे) फुटण्याचा आजार, होतो, हे लॉरेल आणि एरिक्सन यांनी स्वीडनमध्ये १९६३ साली दाखवलं आणि त्यातूनच फुप्फुसाची झीज कशी होते हे उलगडायला लागलं. सिगारेटचा धूर हे संरक्षक प्रथिन निकामी करतो. एकीकडे तोडणाऱ्या पेशी वाढतात, दुसरीकडे त्यांना रोखणारं प्रथिन दुबळं होतं.

या सगळ्याचा खरा फटका बसतो तो दोन मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या बारीक श्वासनलिकांना. त्यांची संख्या इतकी मोठी असते की त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या तरी माणसाला काही जाणवत नाही आणि साधी तपासणीही ठीक येते. फुप्फुसाच्या नमुन्यांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की वायुकोश फुटून मोठ्या पोकळ्या दिसू लागण्याच्या आधीच टोकाच्या बारीक नलिका अरुंद झालेल्या आणि मोठ्या प्रमाणात नाहीशा झालेल्या असतात. या नलिकांना स्वतःची कूर्चा नसते. तंबूला चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरतात, तसं आजूबाजूच्या वायुकोशांच्या भिंती त्यांना उघडं ठेवतात. भिंती तुटल्या की श्वास सोडताना नलिका मिटते आणि हवा आतच अडकते. वडिलांना जिन्यावर जी धाप लागते तिचं मोठं कारण ही आत अडकलेली हवा. पटापट श्वास घेताना ती आणखी साठत जाते.

मग सिगारेट सोडल्यावर हे थांबत का नाही? आजार मुरलेला असेल तर सूज काही प्रमाणात स्वतःच्या बळावर चालू राहते. श्वासनलिकांच्या भिंतीत लिंफ पेशींचे छोटे गोळे तयार झालेले असतात. मेलेल्या पेशी उचलून नेण्याचं मॅक्रोफेजचं काम मंदावलेलं असतं. कफात हिमोफिलससारखे जंतू कायमचं बस्तान मांडतात आणि थोडी-थोडी आग धुमसत ठेवतात. पण म्हणून सोडण्याचा उपयोग झाला नाही असं मुळीच नाही, आणि हे वडिलांना तुम्ही आवर्जून सांगा. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या 'लंग हेल्थ स्टडी'मध्ये सौम्य आजार असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांवर ११ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या सेकंदात जोरात बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेचं प्रमाण, ज्याला एफईव्ही-१ म्हणतात, ते ओढत राहिलेल्या पुरुषांत वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटरने घटत गेलं. ज्यांनी सोडली आणि सोडलेलीच ठेवली त्यांच्यात ही घट सुमारे ३० मिलिलिटर होती, म्हणजे निरोगी माणसाच्या वयोमानाच्या घटीच्या जवळपास. गेलेलं परत आलं नाही, पण पुढची गळती निम्म्याहून कमी झाली. कोणत्याही इन्हेलरने इतका फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

टीबीचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. टीबीच्या जंतूशी लढताना शरीराच्याच पेशी मेटॅलोप्रोटिनेज गटातली विकरं मोठ्या प्रमाणात सोडतात. ती फुप्फुसाचा सांगाडाच, म्हणजे कोलॅजन, विरघळवतात आणि त्यातून पोकळी तयार होते. औषधांनी जंतू मेला की भाग भरून येतो, पण तिथे कडक, आकसणारा व्रण तयार होतो. हा व्रण आजूबाजूच्या श्वासनलिका ओढून वेड्यावाकड्या आणि रुंद करतो. यालाच ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. काहींत उलट होतं: टीबी नलिकेच्या आतल्या अस्तराला झालेला असतो आणि बरं होताना नलिकाच आवळली जाते. गोळ्यांचं काम जंतू मारण्याचं होतं आणि ते त्यांनी केलं. मोडलेली रचना पूर्ववत करणारं औषध अजून कोणाकडेच नाही.

रुंद झालेल्या वाकड्या नलिकेत कफ साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात. जंतूंमागे न्यूट्रोफिल येतात, त्यांचं इलास्टेज नलिकेचं अस्तर आणखी खराब करतं आणि कफ आणखी साचतो. पीटर कोल यांनी १९८६ साली हे दुष्टचक्र मांडलं आणि आजचे उपचार अजूनही त्याच्याच आधारावर उभे आहेत. सकाळच्या बेडक्याचा हिरवट रंग तुम्ही पाहिला असेल. तो रंग जंतूंचा नसतो. न्यूट्रोफिलच्या आत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवं विकर असतं, त्याचा तो रंग. बेडका पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा गडद हिरवा झाला तर न्यूट्रोफिलची गर्दी वाढली असं समजायचं. म्हणून मी रुग्णांना रंगाकडे रोज लक्ष द्यायला सांगतो. नेहमीपेक्षा रंग गडद, प्रमाण जास्त आणि धाप जास्त, ही तीन लक्षणं एकत्र आली की त्रास खऱ्या अर्थाने उसळला आहे.

टीबीनंतर किती जणांना असं होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांचा २००० साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. एकदा टीबी झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांत, दोनदा झालेल्यांपैकी २७ टक्क्यांत आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांत श्वासमार्ग कायमचा अरुंद झालेला आढळला. खाणीतली धूळही तिथे होती हे खरं, पण लॅटिन अमेरिकेतल्या पाच शहरांत सामान्य लोकांवर झालेल्या अभ्यासातही दिशा तीच दिसली: टीबी होऊन गेलेल्यांत सुमारे ३१ टक्के, इतरांत १४ टक्के. धूम्रपानाचा परिणाम वजा करूनही टीबीचा वाटा उरला. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही एकावर एक आलं आहे.

आता त्यांच्यात नेमकं काय आहे हे कसं शोधायचं ते सांगतो. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची तपासणी, इन्हेलरच्या आधी आणि नंतर करून घ्या. इन्हेलरनंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अडथळा पक्का. पण टीबीच्या व्रणाने फुप्फुस आकसलेलं असेल तर एकूण हवाच कमी भरते आणि हे गुणोत्तर फसवं, चांगलं दिसू शकतं. तेवढ्यावर 'फुप्फुस ठीक आहे' असं कोणी सांगितलं तर थांबू नका, एकूण हवेचा आकडा बघायला सांगा. एक सीटी स्कॅन तरी हवाच. धुराने आलेला एम्फिसीमा, टीबीचा व्रण, रुंद नलिका आणि जुन्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा यांतलं काय आहे हे साध्या एक्स-रेवर नीट सुटं होत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी म्हणजे रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या. टक्केवारी नको, संख्या हवी. स्टेरॉइड चालणारी सूज या पेशींची असते. दर मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक असतील आणि त्रास वारंवार उसळत असेल तर इन्हेलरमधल्या स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली. १०० पेक्षा कमी असतील तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. मधल्या आकड्यांत तारतम्याने ठरवायचं. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार, त्याच्या 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पूर्वी झालेला टीबी हे स्टेरॉइड इन्हेलर टाळण्याच्या बाजूचं कारण म्हणून नोंदलेलं आहे. एक खबरदारी: ही तपासणी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना करू नका, संख्या खोटी कमी येते. आणि पोटात जंत असतील तर ती खोटी जास्तही येऊ शकते.

थुंकीच्या तपासणीत दोन वेगळे प्रश्न असतात. नेहमीचे जंतू कोणते आणि त्यांच्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हा पहिला. टीबी परत आला आहे का, हा दुसरा. दुसऱ्यासाठी आता जलद जनुकीय चाचणी सगळेच करतात, पण टीबी होऊन गेलेल्यांत ती मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही, कधीकधी काही वर्षांनीसुद्धा, अगदी कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येऊ शकते. जिवंत जंतू आहे की नाही हे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, सांगतं. त्याला काही आठवडे लागतात, तरी ते लावायलाच हवं. वजन घटत असेल, बेडक्यातून रक्त येत असेल किंवा पोकळीत काही दिसत असेल तर ॲस्परजिलस बुरशीविरुद्धची रक्ततपासणीही करावी. या बुरशीचा जुनाट संसर्ग हुबेहूब टीबीसारखा दिसतो आणि थुंकीत टीबीचा जंतू न सापडताही काहींना त्यापायी टीबीचा कोर्स पुन्हा दिला जातो.

स्टेरॉइड न्यूट्रोफिलच्या सुजेवर का चालत नाही, हेही समजून घ्या. ते इओसिनोफिल मारतं, पण न्यूट्रोफिलचं आयुष्य उलट वाढवतं. शिवाय दाहाची जनुकं बंद करायला स्टेरॉइडला एचडॅक-२ नावाचं विकर लागतं आणि सीओपीडीच्या फुप्फुसात तेच कमी झालेलं असतं. मग दोन दिवसांत बरं का वाटतं? एकतर काहींच्या उसळीत इओसिनोफिलचा वाटा असतोच. दुसरं, स्टेरॉइडने भूक लागते, हुशारी येते, अंग हलकं वाटतं. उसळीच्या वेळी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस पुरतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच दिवसांच्या आणि चौदा दिवसांच्या कोर्सचा परिणाम सारखाच आढळला. पाच दिवसांचं पंधरा आणि पंधराचं तीन महिने होऊ देऊ नका. साखर, हाडं, डोळे आणि टीबी, चारही बाजूंनी किंमत मोजावी लागते. मात्र आधीपासून बराच काळ चालू असलेलं स्टेरॉइड, गोळी असो वा इन्हेलर, मनाने एकदम बंद करू नका.

रोजच्या उपचाराचा कणा म्हणजे नलिका मोकळ्या ठेवणारे दीर्घकाळ टिकणारे इन्हेलर, बहुधा दोन औषधांचे एकत्र. ते आत अडकलेली हवा बाहेर पडायला वाट करून देतात. घ्यायची पद्धत चुकली तर औषध घशातच राहतं. पंपाचा इन्हेलर असेल तर श्वास सावकाश आणि खोल. पावडरचा असेल तर झटक्यात आणि जोरात. दोन्हींत शेवटी दहा सेकंद श्वास धरायचा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी औषध वाढवण्याआधी दर वेळी समोर इन्हेलर घ्यायला लावतो.

टीबीनंतरच्या फुप्फुसात मी औषधाइतकंच महत्त्व कफ बाहेर काढण्याला देतो आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. ताठ बसून तीन-चार संथ श्वास पोटाने घ्यायचे. मग छाती फुगेल असा खोल श्वास तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद धरून, आणि सोडताना जोर न लावता. पुन्हा संथ श्वास. त्यानंतर तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरताना करतो तसा 'हा' असा दमदार पण न खोकता उच्छ्वास. आधी मध्यम श्वास घेऊन लांबलचक 'हा', कफ वर आल्याचं जाणवलं की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस 'हा'. नुसतं खोकत राहिलं तर दुबळ्या नलिका मिटतात आणि कफ आतच राहतो. या पद्धतीत त्या उघड्या राहतात. सकाळी आणि संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. नलिका मोकळ्या करणारा इन्हेलर आधी घ्यावा. बेडक्यातून ताजं रक्त येत असेल त्या दिवसांत मात्र हे थांबवून डॉक्टरांना विचारावं. एखाद्या श्वसन फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घेतलं तर उत्तम.

एवढं करूनही वर्षातून दोन-तीन उसळ्या येत राहिल्या तर पुढची औषधं आहेत. अझिथ्रोमायसिन कमी मात्रेत दीर्घकाळ दिलं की जंतूंबरोबर सूजही कमी होते. पण त्याआधी थुंकीत टीबीच्या जातकुळीतले इतर जंतू नाहीत याची खात्री, ईसीजी आणि ऐकण्याची तपासणी हवी. इओसिनोफिल ३०० च्या वर असून तिहेरी इन्हेलरनेही (नलिका मोकळ्या करणारी दोन औषधं आणि स्टेरॉइड) भागत नसेल तर डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०२४ पासून सीओपीडीसाठी मान्य झालं आहे. न्यूट्रोफिलची तोडणारी विकरं तयार होण्यापूर्वीच अडवणारी ब्रेन्सोकॅटिब ही गोळी २०२५ मध्ये अमेरिकेत ब्राँकिएक्टॅसिससाठी मान्य झाली. कोलच्या चक्रातल्या नेमक्या त्या दुव्यावर घाव घालणारं हे पहिलंच मान्य औषध. मला त्याबद्दल मनापासून आशा आहे. लसी, म्हणजे फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची, आणि शिकून नियमित केलेला चालण्याचा व्यायाम यांबद्दल वाद नाहीत, करून टाका. विश्रांतीत ऑक्सिजन सातत्याने ८८ टक्के किंवा कमी राहत असेल तर घरी ऑक्सिजन लागेल का ते तपासून घ्या.

औषधांच्या काही जोड्या सांभाळा. वडील थिओफायलिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध घेत असतील तर सिगारेट सोडल्यावर ते रक्तात वाढतं, कारण धूर यकृताला ते लवकर संपवायला लावत होता. मळमळ, धडधड वाटू लागली तर मात्रा कमी करावी लागते. बुरशीसाठी इट्राकोनाझोल चालू झालं तर ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनच्या इन्हेलरचंही स्टेरॉइड अंगात साठू लागतं. आणि उसळीच्या वेळी कोणी सरळ लेव्होफ्लॉक्सासिन दिलं तर घेण्याआधी थुंकी टीबीसाठी दिली आहे ना, एवढं विचारा. ते टीबीवरही अर्धवट चालतं, काही दिवस बरं वाटतं, आणि परतलेला टीबी लपून बसतो.

कपभर रक्त पडलं, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा माणूस झोपाळू, गोंधळलेला वाटला तर भेटीची वेळ घेत बसू नका, त्याच क्षणी रुग्णालयात न्या. एरवी पुढच्या तपासणीला जाताना टीबीच्या वेळचे आणि त्यानंतरचे सगळे एक्स-रे बरोबर न्या, फाटके-डागाळलेले असले तरी. उपचार संपल्याच्या दिवशीचा एक्स-रे सापडला तर तो सर्वांत मोलाचा. आजच्या फिल्मवर दिसणारा डाग जुना व्रण आहे की नवा आजार, हे त्याच्याशेजारी लावून पाहिलं की बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं.